संगीताच्या बाईंवर लिहिताना : ‘संसारासाठी गाणे सोडले’ हे वाक्य ठेवावे का?

कृष्णाकाठची

सर्व सभासदांना नमस्कार. सांगलीतील आमच्या शाळेत २७ वर्षे संगीत शिकवणाऱ्या बाईंचे मागच्या महिन्यात वृद्धापकाळाने निधन झाले. शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर एक पान लिहिण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे येथे बाईंचे नाव आणि शाळेचे नाव देत नाही. जे ओळखतील ते ओळखतीलच.

बाईंचे शिक्षण मिरजेला झाले. त्या विशारद होत्या आणि शाळेत लागण्यापूर्वी आकाशवाणीच्या सांगली केंद्राची स्वरचाचणी उत्तीर्ण होऊन काही वर्षे तेथे गातही होत्या. १९८२ साली त्या शाळेत रुजू झाल्या, २००९ साली ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्या. मधल्या काळात त्यांनी सासूबाईंचे अंथरुणावरचे आजारपण काढले, दोन मुले वाढवली आणि निवृत्तीनंतर दोनच वर्षांत यजमानांना पक्षाघात झाल्यावर त्यांची सगळी सेवा स्वतः केली. रेडिओवरचे गाणे केव्हा थांबले, हे आम्हा विद्यार्थ्यांना कधी कळलेच नाही.

माझ्या मसुद्यात पुढील वाक्य आहे : ‘बाईंनी संसारासाठी गाणे सोडले आणि कुटुंबाला वाहून घेतले.’ संपादक मंडळाला ते फार आवडले. मला मात्र ते लिहून झाल्यापासून स्वस्थ वाटत नाही. बाईंना ओळखणाऱ्यांनी आपापल्या आठवणी सांगाव्यात, आणि न ओळखणाऱ्यांनीही या वाक्याविषयी आपले मत द्यावे, ही विनंती.

भाता

ताई, वाक्य काढून टाका. मी १९९१ ते १९९४ या काळात बाईंच्या हाताखाली पेटी शिकलो. ज्या बाईने गाणे सोडले आहे, तिच्या घरी पहाटे साडेपाचला तंबोरा लागलेला नसतो.

माझ्या वडिलांचे दूध घालण्याचे काम होते आणि बाईंच्या गल्लीत रतीब टाकायला मी जात असे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खर्ज ऐकू येई. एकदा भांडे घ्यायला त्यांना उशीर झाला म्हणून मी आत डोकावलो. स्टोव्हवर पाणी तापत होते, सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि तंबोरा सासूबाईंच्या मांडीवर होता. म्हातारीला शेवटची काही वर्षे दिसत नव्हते. तारा छेडायचे काम बाईंनी त्यांना दिले होते : पंचम, जोड, जोड, खर्ज, एकसारख्या वजनाने, घाई न करता. बाई समोर पाटावर बसून कणीक मळत मंद्र सप्तकात स्वर लावत होत्या. मी दूध ठेवून तसाच उभा राहिलो. सासूबाईंच्या हाताची लय जराही चुकत नव्हती.

हे पाहिलेल्या माणसाला ‘गाणे सोडले’ हे वाक्य वाचवणार नाही.

मध्यलय

मी बाईंना ओळखत नव्हते, तरीही थोडी वेगळी बाजू मांडते. भाता, तुम्ही सांगितलेले दृश्य सुंदर आहे, परंतु कणीक मळता मळता गायलेले गाणे आणि मैफलीत तासभर मांडलेला राग यांत अंतर आहे आणि ते अंतर कोणाला तरी भोगावे लागते. माझी आई उत्तम गात असे. लग्नानंतर तिचे गाणे देवघरापुरते उरले. तिच्या निधनानंतर नातेवाइकांनी ‘घरासाठी तिने सगळे सोडले’ असे कौतुकाने लिहिले, आणि ते वाचताना मला फार लागले. कारण तिला कोणी विचारले नव्हते.

म्हणून वाक्य काढावे या मताशी मी सहमत आहे, पण तुमच्या कारणाने नव्हे. ‘सोडले’ असे लिहिले की तो तिचा निर्णय होता असे वाटते, आणि ‘वाहून घेतले’ असे लिहिले की प्रश्न विचारण्याचीच सोय राहत नाही. बाईंनी रेडिओ का थांबवला, हे ठाऊक नसेल तर ती जागा मोकळी ठेवावी.

स्टेशन_रोड

मिरजेकडून एक आठवण. ती विषयाला धरूनच आहे.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात वारले आणि त्यांना मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले, हे येथील बहुतेकांना माहीत असेल. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणे होते आणि मोठमोठे कलावंत तेथे हजेरी म्हणून गातात. आमचे घर जवळ असल्याने मी लहानपणापासून जात असे. सांगलीहून एक बाई दरवर्षी शेवटच्या एस.टी.ने येत. बरोबर यजमान, दोन मुले आणि सतरंजी. यजमान स्वतः एस.टी.त वाहक होते आणि दिवसभराची ड्युटी करून येत असल्यामुळे अर्ध्या तासात मुलांशेजारी झोपून जात. बाई मात्र पहाटेपर्यंत ताठ बसलेल्या असत आणि भैरवी झाली की तिघांना उठवून पहिली गाडी पकडत.

एकदा माझ्या आजीने त्यांना विचारले, ‘बाई, एवढ्या लेकरांना कशाला आणता, घरी ठेवावे.’ त्या म्हणाल्या, ‘झोपेत ऐकलेले जास्त मुरते.’ त्याच या बाई, हे तुमचे वर्णन वाचून आज कळले. त्यांच्या मुलांपैकी कोणी गायले का?

कृष्णाकाठची

@स्टेशन_रोड : त्याच. तुमचे वाचताना अंगावर काटा आला. थोरला मुलगा तबला वाजवतो, असे ऐकून आहे. धाकटी मुलगी पुण्याला असते.

@मध्यलय : तुमच्या आईविषयी वाचून वाईट वाटले. तुम्ही म्हणता ती मोकळी जागा माझ्याकडे खरोखरच आहे. घरच्यांना विचारायचा धीर मला होत नव्हता.

सातासमुद्रापार

टोरांटोहून लिहितो आहे. मी बाईंचा १९९७ च्या तुकडीचा विद्यार्थी.

आठवीत माझा आवाज फुटला. त्याआधी मी समूहगीताच्या चमूत पहिल्या रांगेत असे. स्नेहसंमेलनाच्या सरावात वरच्या षड्जाला माझ्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की सगळा वर्ग हसला. मी पुढच्या तासाला पोट दुखत असल्याचे सांगून बाहेर बसलो. बाईंनी मधल्या सुट्टीत मला संगीताच्या खोलीत बोलावले आणि समजावून सांगितले की या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळे जुना आवाज गेला आणि नवा अजून बसलेला नाही. यात चूक कोणाचीच नाही. सहा महिने वरचे स्वर ओरडून काढायचे नाहीत, फक्त गुणगुणायचे, आणि तोवर चमूचा ताल सांभाळायचा.

मग त्यांनी मला त्रिताल शिकवला. मात्रा १६, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली नवव्या मात्रेला. त्या म्हणाल्या, ‘खालीला हात वाजत नाही म्हणून ती मात्रा नसते का? तिथे तर सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे.’ हसलेल्या मुलांसमोर दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच ताल धरायला उभे केले. आज माझी मुलगी येथे राहून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते, तिची ‘प्रवेशिका पूर्ण’ झाली आहे. रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर हाताने ताल धरतो.

वाक्याविषयी माझे मत असे की बाईंसाठी शाळा आणि घर ही दोन निराळी खाती नव्हतीच. माझ्या आईला काविळीने रुग्णालयात ठेवले तेव्हा तीन आठवडे माझा डबा बाईंच्या घरून येत होता. कुटुंबाला वाहून घेतले असे लिहायचे असेल, तर त्या कुटुंबाची पटसंख्या शाळेएवढी होती, हेही लिहावे.

वाचाउपचार

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. बाईंशी माझा परिचय त्यांच्या यजमानांमुळे झाला. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात मी त्या वेळी उमेदवारी करत होते. रुग्णाची खाजगी माहिती मी कधीही लिहीत नाही. परंतु बाईंनी स्वतः हा अनुभव पक्षाघात झालेल्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात व्यासपीठावरून सांगितला होता आणि ‘ज्याला उपयोग होईल त्याला सांगा’ असे त्या मला नेहमी म्हणत, म्हणून तेवढेच सांगते.

मेंदूच्या डाव्या भागाला पक्षाघाताने इजा झाली की पुष्कळदा शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि बोलणे जाते. माणसाला समोरच्याचे बोलणे बरेचसे कळते, काय म्हणायचे तेही मनात असते, पण शब्द ओठांवर येत नाही. त्यांच्या यजमानांना ‘हो’ आणि एक निरर्थक अक्षर एवढेच येत होते. पाणी हवे असले तरी तेच अक्षर, राग आला तरी तेच अक्षर. असे रुग्ण अनेकदा पाठ असलेली आरती किंवा गाणे शब्दांसह म्हणू शकतात. या निरीक्षणाच्या आधारावर १९७३ साली बॉस्टनमधील संशोधकांनी एक उपचारपद्धत मांडली : रोजच्या वापरातले छोटे वाक्य दोनच स्वरांवर, ठरावीक लयीत म्हणायचे, आघाताचे अक्षर वरच्या स्वरावर घ्यायचे, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने थाप द्यायची. हळूहळू स्वर कमी करत वाक्य साध्या बोलण्याकडे आणायचे.

हे सर्व मी बाईंना समजावू लागले तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, ‘मी करून बघितलेय, चुकत असेल तर सांगा.’ त्या यजमानांच्या डाव्या बाजूला बसल्या, त्यांचा हात आपल्या हातात धरून उशीवर थाप दिली आणि गायल्या, ‘पा-णी’. वरचा स्वर पंचम, खालचा गंधार. भूपातले प आणि ग. या दोन स्वरांमधले अंतर म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला ‘मायनर थर्ड’. आमच्या पाठ्यपुस्तकातही याच अंतराची शिफारस आहे. मी विचारले, हेच स्वर का निवडले? त्यांचे उत्तर मी त्या दिवशीच्या टिपणवहीत उतरवून ठेवले आहे : ‘पहिलीच्या पोरांना हाक मारायला लावली की ती याच दोन सुरांत मारतात. जे लेकरांना आधी येते, ते यांनाही आधी येईल असे वाटले.’

माझ्या १४ वर्षांच्या कामात एवढे अचूक निरीक्षण मी फार थोड्या लोकांकडून ऐकले आहे.

येथे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांच्यासाठी सांगते की ही पद्धत प्रत्येकाला लागू पडत नाही. ज्यांना समजते पण बोलता येत नाही, अशांना तिचा जास्त उपयोग होतो. सराव केलेली वाक्ये आधी येतात, मोकळे संभाषण येईलच असे नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे.

भाता

मी दोनदा वाचले. यजमान कंडक्टर, आयुष्यभर ‘पुढे सरका’ म्हणत आलेले. बोलणे गेले तेव्हा ते सगळ्यांसमोर यायचेच बंद झाले होते. एक-दीड वर्षाने मी भेटायला गेलो असता त्यांनी माझ्याकडे बघून, हाताची थाप देत, अर्धवट गात म्हटले, ‘च-हा घे.’ बाई आत चहाच करत होत्या. मला तेव्हा यामागचे काही ठाऊक नव्हते. मला वाटले काका गमतीत आहेत आणि मीही गमतीने त्याच चालीत ‘घे-तो’ म्हटले. काका इतके हसले की बाई पदर खोचत बाहेर आल्या.

शुद्धलेखन

चर्चा फार मोलाची होत आहे. मूळ प्रश्न वाक्याचा असल्यामुळे त्यावर माझे म्हणणे मांडतो. मी बाईंचा विद्यार्थी नाही, अनेक वर्षे स्मरणिका तपासण्याचे काम केले आहे.

शिक्षिकांवरील मृत्युलेखांत ‘त्याग’, ‘वाहून घेतले’, ‘झिजल्या’ हे शब्द हमखास येतात. शिक्षकांवरील लेखांत ‘व्यासंग’, ‘शिस्त’, ‘दरारा’ हे येतात. पुरुष शिक्षकाने आजारी पत्नीची सेवा केली तर तो त्याच्या थोरवीचा वेगळा परिच्छेद होतो. बाईने केली तर ती गृहीत धरून एका क्रियापदात उरकली जाते. म्हणून कुटुंबावरील माया लेखातून काढू नये, उलट ती क्रियापदातून बाहेर काढून तपशिलाने लिहावी. सासूबाईंच्या मांडीवरचा तंबोरा आणि उशीवरची थाप या दोन गोष्टी लिहिल्या की ‘वाहून घेतले’ लिहायची गरज राहणार नाही.

मध्यलय

शुद्धलेखन यांच्याशी पूर्ण सहमत. तरी माझा प्रश्न शिल्लक राहतो. रेडिओ का थांबला?

स्टेशन_रोड

कारण पेटी असेल का, असा एक विचार मनात आला. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, आणि ती उठायला १९७१ साल उजाडले. पेटीचे स्वर जागच्या जागी बांधलेले असतात, तिच्यावर मींड निघत नाही, हा आक्षेप होता. बाई शाळेत सतत पेटीवर शिकवत. त्यांचा गळा पेटीचा झाला असे कोणी म्हटले असेल काय?

भाता

नाही हो काका. ती बंदी बाईंच्या चाचणीच्या आधीच उठली होती, आणि बाईंचा गळा तर अजिबात पेटीचा नव्हता. त्यांनी हे दोन्ही कटाक्षाने वेगळे ठेवले होते. शाळेत ६० मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांच्या तासात तंबोरा जुळवत बसले तर तास संपतो, म्हणून पेटी. घरी रियाज तंबोऱ्यावरच. आम्हाला पेटी शिकवतानाही त्या आधी स्वर गाऊन घेत आणि मग पट्टी दाबायला लावत. ‘आधी गळ्यात, मग बोटात’ हा त्यांचा शिरस्ता होता.

पेटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बाईंच्या घरात छातीएवढे पाणी होते. बोट आली तेव्हा त्यांनी यजमानांना आधी चढवले, त्यांच्या औषधांची पिशवी गळ्यात अडकवली आणि माळ्यावरचा तंबोरा शेजारच्या मुलाकडून वरच्या मजल्यावर पोचवला. पेटी राहिली. पाणी उतरल्यावर मी गेलो. लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींत अडकल्या होत्या, भात्याचे चामडे सुटले होते आणि आत बोटभर गाळ बसला होता. मी सूर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या, एकेक करून काढले. जाड आवाजाचा खर्ज आणि त्याच्या वरचा नर अशी जोडी होती, सगळे पितळी. रॉकेलने आणि मऊ ब्रशने पुसून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. बाई शेजारी बसून प्रत्येक सुरावर ओठांनी फुंकर घालून ऐकत आणि सांगत, ‘हा धैवत, याला जरा लागलंय.’ एकूण चार सूर बदलावे लागले. मिरजेच्या कारागिराने लाकडाचे काम केले आणि मजुरी घेतली नाही, कारण त्याची मुलगी बाईंकडे शिकली होती.

सातासमुद्रापार

त्या पुराची बातमी येथे पाहिली तेव्हा मी बाईंना फोन केला होता. त्यांनी माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे, हेच आधी विचारले. पेटी बुडाल्याचे एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

घरचीच

नमस्कार. मी बाईंची सून. भाता भाऊजींनी हा दुवा पाठवला. यांना आणि नणंदबाईंना विचारूनच लिहिते आहे.

मध्यलय ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आहे आणि ते तुम्हा सगळ्यांच्या मतांपेक्षा थोडे निराळे आहे. आईंच्या नोटेशनच्या वह्या आहेत. भातखंडे पद्धतीने, मात्रांच्या रेघा आखून, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, असे सगळे सुवाच्य अक्षरात. समासात मात्र त्या पेन्सिलीने रोजचे काहीबाही लिहून ठेवत : वाण्याचा हिशेब, डॉक्टरांची वेळ, कोणत्या मुलाचा आवाज बसला आहे. १९८६ च्या वहीत बागेश्रीच्या पानावर एवढेच आहे : ‘रेडिओला “नाही” कळवले. तारीख पाळता येत नाही. सासूबाईंजवळ रात्री कोणी नाही, ह्यांची मुक्कामाची ड्युटी. फार रडू आले. उद्या समूहगीत, मुलींचे अंतऱ्यातले कोमल निषाद बघायचे.’

मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा धीर करून विचारले होते की आई, तुम्हाला वाईट नाही का वाटले? त्या म्हणाल्या, ‘वाटले तर. वाटायचेच. पण तू असे कोणाला सांगू नको की मला कोणी अडवले. मामंजी असते तरी हेच केले असते, आणि सासूबाईंनी तर तंबोरा सोडू दिला नाही.’ आजेसासूबाईंचा तंबोरा छेडण्याचा नेम त्यानंतरचाच. घरातल्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की तो आजेसासूबाईंनीच मागून घेतला होता. रेडिओचे पत्र परत गेल्याचे त्यांना कळले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘मला दिसत नाही, हात तर आहेत.’

म्हणून ‘सोडले’ हे खरे नाही, आणि ‘काहीच गमावले नाही’ हेही खरे नाही. आईंना ते पत्र शेवटपर्यंत आठवत होते. आकाशवाणीवर सकाळी शास्त्रीय गाणे लागले की त्या आवाज वाढवत आणि गाणे संपेपर्यंत कोणाशी बोलत नसत.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर पंधरा दिवस त्यांचे शब्द पुन्हा गेले होते. आता मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते. मला गाता येत नाही, पण प आणि ग एवढे दोन स्वर आईंनी माझ्याकडून घोटून घेतले होते, ‘मी नसेन तेव्हा लागतील’ असे म्हणून.

मध्यलय

वहिनी, तुम्ही लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. ‘फार रडू आले’ आणि त्याच ओळीत कोमल निषाद. माझ्या आईच्या वस्तूंतही गाण्याची एक वही आहे. समासात काही आहे का, ते मी कधी पाहिलेच नाही. आज पाहीन.

वाचाउपचार

वहिनी, शोकाच्या काळात असे शब्द मागे जाणे आम्ही पाहतो. जुन्या, पक्क्या वाक्यांपासून पुन्हा सुरुवात करा आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक ताण देऊ नका. मी पुढच्या आठवड्यात सांगलीत आहे, तुमची हरकत नसेल तर घरी येऊन जाईन.

शुद्धलेखन

एक सूचना. या वह्या पुरातून वाचल्या आहेत, तेव्हा त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पेन्सिलीचा मजकूर लवकर पुसट होतो. शाळेतील संगीत शिक्षकाची जागा बाईंच्या निवृत्तीनंतर भरली गेली नाही, असे मी एका माजी विद्यार्थ्याकडून ऐकले. तसे असेल तर पुढच्या मुलांना त्या समूहगीतांच्या चाली मिळण्याचा तेवढाच मार्ग उरतो.

कृष्णाकाठची

@शुद्धलेखन : खरे आहे. ती जागा आजही रिकामी आहे आणि संगीताच्या खोलीत आता निवडणुकीचे सामान असते. स्मरणिकेत याचाही उल्लेख करीन.

@घरचीच : वहिनी, तुमची परवानगी गृहीत धरून नवा मसुदा येथे देते, एक अक्षरही नको असेल तर सांगा.

‘१९८६ साली बाईंनी आकाशवाणीला नकार कळवला, कारण रात्री सासूबाईंजवळ दुसरे कोणी नव्हते. त्या दिवशी त्या रडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा समूहगीताचा सराव घेतला. पुढे दृष्टी गेलेल्या सासूबाई रोज पहाटे त्यांच्यासाठी तंबोरा छेडू लागल्या. निवृत्तीनंतर यजमानांची वाचा गेली तेव्हा बाईंनी भूपातल्या दोन स्वरांवर त्यांना पुन्हा बोलायला शिकवले. आम्हाला त्या सूर पेटीच्या काळी चार पट्टीचा देत आणि अर्धा वर्ग पोहोचत नाही असे दिसले, की काही न बोलता खाली उतरत.’

‘सोडले’ आणि ‘वाहून घेतले’ हे दोन्ही शब्द काढले आहेत.

घरचीच

परवानगी आहे. बाबांना वाचून दाखवले. तंबोऱ्याच्या वाक्याला त्यांनी हाताने थाप दिली. फक्त एक दुरुस्ती सुचवते : काळी चार हा आईंचा स्वतःचा सूर होता. शाळेत त्या पांढरी तीनने सुरुवात करत, वह्यांत प्रत्येक समूहगीतापुढे तसे लिहिलेले आहे.

भाता

वहिनींचे बरोबर आहे, पांढरी तीनच. पाचवी-सहावीसाठी पांढरी चार. त्या पट्ट्यांचा रंग आमच्या बोटांनी उडाला होता, पुरानंतर पेटी जोडताना त्यावरूनच मला त्या ओळखू आल्या. छायाचित्रे काढायला मी रविवारी सकाळी येतो, वह्या उन्हात मात्र ठेवू नका.

कृष्णाकाठची

दुरुस्ती केली. मीही रविवारी येते.